जुन्या आउटबोर्डची बॅटरी भरत नसेल, तर कॉइलवर संशय सगळ्यात शेवटी घ्या

पावसाळी मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै. या दिवसांत वेसावे, मढ, वरळी, कुठल्याही किनाऱ्यावर गेलात तरी होड्या वर ओढून ताडपत्रीखाली झाकलेल्या दिसतात आणि वर्षभर रखडलेली मशीनची कामं निघालेली असतात. छोट्या होड्यांच्या मागे लटकणारी बहुतेक ओबीएम (आउटबोर्ड मोटर) मशीनं दोरी ओढून चालू होतात. त्यांना बॅटरीच नसते, त्यामुळे चार्जिंगची कटकटही नसते. हा लेख आहे तो बटण-स्टार्टच्या जुन्या मशीनसाठी: सत्तरच्या दशकातलं जॉन्सन, एव्हिनरूड, मर्क्युरी किंवा यामाहा, कुणा हौशी माणसानं गळ टाकायला जायच्या बोटीवर जपलेलं.

अशा मशीनची तक्रार ठरलेली असते. नवी बॅटरी टाकली, महिनाभर चालली आणि बसली. मग दुसरी टाकली, तीही बसली. शेवटी मेकॅनिक वरचं झाकण काढतो, आत डोकावतो आणि सांगतो, ‘कॉइल गेली, काका. आता मिळणार नाही.’

मिळणार नाही, यात तथ्य आहे. जॉन्सन आणि एव्हिनरूड दोन्ही बनवणारी आउटबोर्ड मरीन कॉर्पोरेशन डिसेंबर २०००मध्ये दिवाळखोरीत निघाली. पुढे बाँबार्डियरनं ती नावं विकत घेतली, पण १९०९पासून बाजारात असलेल्या एव्हिनरूडचं उत्पादन २०२०मध्ये थांबलं. कंपनीचा अस्सल भाग मुंबईत हुडकणं म्हणजे दारूखान्याच्या भंगारात नशीब आजमावणं. कॉइल गेली, हे निदान मात्र मला सहसा पटत नाही. चुंबक आणि तांब्याच्या तारा यांत झिजण्यासारखं फारसं काही नाही. मरतात त्या बाहेरच्या वायरी, अर्थिंग आणि रेक्टिफायर. यांची तपासणी बोल्ट न खोलता, साध्या मल्टिमीटरनं होते. आणि कॉइल तपासायला फ्लायव्हील काढावं लागतं असा समज आहे, तोही चुकीचा.

आधी रचना समजून घेऊ. मशीनच्या डोक्यावर जे जड चाक फिरतं ते फ्लायव्हील. त्याच्या आतल्या कडेला चुंबकं चिकटवलेली असतात. चाकाखाली, जागेवर स्थिर, लोखंडी गाभ्यावर तांब्याची तार गुंडाळलेल्या कॉइल बसवलेल्या असतात. हा झाला स्टेटर. टू-व्हीलरचे मेकॅनिक याच जोडीला मॅग्नेट आणि कॉइल प्लेट म्हणतात. चुंबक कॉइलवरून सरकलं की तारेत वीज निर्माण होते. मायकेल फॅरडेनं १८३१मध्ये दाखवलेलं तत्त्व हेच. पण चुंबकाचा उत्तर ध्रुव गेला की वीज एका दिशेनं वाहते आणि दक्षिण ध्रुव गेला की उलट्या. सेकंदाला शेकडो वेळा दिशा बदलणारी ही वीज, म्हणजे एसी, बॅटरीच्या काही कामाची नाही. बॅटरीला एकाच दिशेची, डीसी लागते.

ते काम रेक्टिफायरचं. त्याच्या पोटात चार डायोड असतात. डायोड म्हणजे पंपाच्या पाइपवरचा नॉन-रिटर्न वॉल्व्ह: पुढे जाऊ देतो, मागे येऊ देत नाही. चार डायोड विशिष्ट पद्धतीनं जोडले की वीज कुठल्याही दिशेनं आली तरी बाहेर पडताना पॉझिटिव्हकडूनच पडते. तिथून ती वायरीनं, मध्ये फ्यूज असेल तर त्यातून, बॅटरीकडे जाते. स्टेटर, रेक्टिफायर, बॅटरी. एवढीच यंत्रणा.

दोन गोष्टी इथेच लक्षात ठेवायला हव्यात. एक, बऱ्याच जुन्या मशीनमध्ये ठिणगीची कॉइल वेगळी असते आणि तिला बॅटरी लागत नाही. त्यामुळे चार्जिंग पूर्ण बंद पडलं तरी मशीन खुशाल चालत राहतं आणि मालकाला बॅटरी बसेपर्यंत पत्ताच लागत नाही. दुसरं, डॅशबोर्डवरचं आरपीएम मीटर बहुतेक वेळा चार्जिंगच्या कॉइलमधून येणारे ठोके मोजत असतं. ते अचानक मेलं किंवा नाचायला लागलं, तर मीटर बदलण्याआधी चार्जिंग बघा. बॅटरी बसण्याच्या कितीतरी आधी मिळालेली ती सूचना असते.

आता थोडा हिशेब, कारण पुष्कळदा चार्जिंग ठणठणीत असतं आणि खर्चच जास्त असतो. लोकांना वाटतं स्टार्टर बॅटरी खातो. समजा स्टार्टरनं १५० अँपिअर ओढले आणि मशीन ५ सेकंदांत चालू झालं. १५० गुणिले ५ म्हणजे ७५० अँपिअर-सेकंद. त्याला ३६०० नं भागा: ०.२ अँपिअर-तास. चार्जिंग ५ अँपिअरचं असेल तर एवढी भरपाई अडीच मिनिटांत होते, गळती धरून पाच मिनिटं म्हणा. बॅटरी रिकामी होते ती बारीकसारीक पण सतत चालणाऱ्या गोष्टींनी. जुन्या पद्धतीचे १० वॉटचे तीन दिवे अडीच अँपिअर खातात. फिश फाइंडरचा खर्च वेगळा. व्हीएचएफ सेट (बोटीवरचा रेडिओ) नुसतं ऐकताना फारसा खात नाही, पण २५ वॉटवर बोलताना ५-६ अँपिअर ओढतो. उलट बाजूला, मशीनवर लिहिलेले ५-६ अँपिअर मिळतात ते पूर्ण वेगात. गळ ओढत सावकाश चालताना त्यातले जेमतेम एक-दोन हाती लागतात आणि आयडलवर जवळपास काहीच नाही. पहाटे अंधारात निघून दिवसभर हळू फिरणाऱ्याची बॅटरी बसणारच, त्यात बिघाड काही नाही. एलईडी दिवे लावले तर तीन दिव्यांचा खर्च अर्ध्या अँपिअरवर येतो आणि तक्रार तिथेच मिटू शकते.

हिशेब जुळत असूनही बॅटरी बसते, तेव्हा मीटर हातात घ्यायचा. सुरुवात बॅटरीपासून. रात्रभर काहीही न जोडता ठेवलेल्या चांगल्या भरलेल्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या वर दिसायला हवं. १२.२ म्हणजे अर्धी. १२च्या खाली म्हणजे रिकामीच समजा. बाहेरच्या चार्जरनं भरून घ्या आणि स्टार्टर मारताना बघा. भरलेली असूनही आकडा साडेनऊच्या खाली कोसळत असेल तर बॅटरीच संपली आहे, बाकीचं तपासण्यात वेळ घालवू नका.

बॅटरी ठीक असेल तर अर्थिंग. मुंबईत माझा पहिला संशय कायम इथेच असतो. खारी हवा वायरीच्या टोकातून आत शिरते आणि रबराखालून तांबं खात पुढे सरकते. बाहेरून वायर धडधाकट दिसते. ओहम मोजून हे कळत नाही, कारण एकच तंतू शिल्लक असला तरी मीटर ‘टूं’ करून मोकळा होतो. यासाठी चालू करंटवरच मोजायला हवं. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. काळी काडी बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर टेकवा, क्लिपवर नाही, खुंटीवर. लाल काडी मशीनच्या ब्लॉकवर, रंग खरवडून उघड्या धातूवर. आता दुसऱ्याला स्टार्टर मारायला सांगा. दोन्ही टोकं खरं तर एकाच वायरीची, म्हणजे मीटरवर शून्याच्या जवळ काहीतरी यायला हवं. ०.२-०.३ पर्यंत चालेल. १ व्होल्टच्या आसपास आलं तर वायर आजारी आहे.

मढला एका मशीनवर असाच सव्वा व्होल्ट आला. वायर जाड, वर लाल श्रिंक (तापवली की आवळून बसणारी नळी) चढवलेली, बघणाऱ्याला नवीच वाटावी. ब्लेडनं रबर चिरलं तर आतले तंतू काळे पडलेले आणि लगच्या, म्हणजे टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कडीच्या, तोंडाशी हिरवी भुकटी. सोल्डर लावून बघितलं, कथिल तंतूवर बसेचना, गोळी होऊन घरंगळत होतं. वीतभर कापत गेल्यावर कुठे तांब्याचा गुलाबी रंग दिसला. तिथून नवा लग क्रिंप केला आणि चार्जिंग सुरू झालं. त्या मशीनच्या कॉइलसाठी अमेरिकेत चौकशी चालू होती.

नवी वायर घ्यायची तर कथिलाचा मुलामा असलेली, टिन्ड कॉपर मागा. साधी तांब्याची घरगुती वायर दोन पावसाळ्यांत काळी पडते. क्रिंप नीट दाबून वर आतून डिंक असलेली श्रिंक ट्यूब चढवा. जोड घट्ट आवळल्यावर वरून पेट्रोलियम जेली लावा. आधी लावून मग आवळलं तर जेली मध्येच बसते. पॉझिटिव्ह बाजूची हीच मापं घ्या, फ्यूजहोल्डरही सोडू नका. काचेचा फ्यूज शाबूत असतो आणि त्याच्या पितळी टोप्या गंजलेल्या असतात.

यानंतर रेक्टिफायर. बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि रेक्टिफायरच्या सगळ्या वायरी सुट्या करा. बहुतेक मशीनवर स्टेटरकडून येणाऱ्या दोन वायरी पिवळ्या किंवा पिवळ्यावर रेघ असलेल्या आणि बॅटरीकडे जाणारी लाल असते. जुन्या रेक्टिफायरचं धातूचं बूडच पुष्कळदा निगेटिव्ह असतं. मीटर डायोडच्या खुणेवर ठेवून प्रत्येक पिवळी ते लाल आणि प्रत्येक पिवळी ते बूड असं मोजा, मग काड्या उलट करून पुन्हा. प्रत्येक जोडीला एका दिशेनं ०.५ ते ०.७ आणि उलट दिशेनं काहीच नाही (म्हणजे मीटर जोडच दाखवत नाही, शून्य नव्हे), असं यायला हवं. दोन्हीकडे काहीच नाही तर तो डायोड उघडा पडला, चार्जिंग अर्धं झालं. दोन्हीकडे शून्य तर तो शॉर्ट झाला, आणि हे जास्त वाईट, कारण आता कॉइल त्याच्यातून शॉर्ट होऊन तापत राहते. वरचे-खालचे डायोड गळके झाले तर मशीन बंद असतानाही बॅटरी उलटी रिकामी होत जाते.

रेक्टिफायर आपोआप मरत नाही, त्याला मारलं जातं. बॅटरी उलटी जोडली की एका ठिणगीत खेळ खलास. दुसरं कारण म्हणजे चालू मशीनवर बॅटरीची क्लिप उचकटून ‘चार्जिंग येतंय का’ बघायची सवय. ही डायनामोच्या जमान्यातल्या गाड्यांवरून आली आहे आणि अजूनही छातीठोकपणे केली जाते. डायोडच्या मशीनवर बॅटरी सुटली की वीज जायला जागा उरत नाही, व्होल्टेज उसळतं आणि डायोड फुटतात. चालत्या मशीनवर बॅटरीचा मेन स्विच बंद केला किंवा क्लिप ढिली असली तरी तेच होतं.

भरपाई मात्र स्वस्त आहे. लॅमिंग्टन रोडवर केबीपीसी ३५१० नावाचा ब्रिज रेक्टिफायर मागा: ३५ अँपिअर, १००० व्होल्ट. आपल्या ५-१० अँपिअरला भरपूर. चौकोनी ठोकळा, चार पाती. दोन पात्यांजवळ लहरीची खूण असते, तिथे स्टेटरच्या वायरी, कुठलीही कुठे चालेल. अधिकची खूण असलेलं पातं इतरांपेक्षा आडवं वळवलेलं असतं, तिथून लाल वायर बॅटरीकडे. वजाचं पातं ब्लॉकला. इथे बरेच जण फसतात: अस्सल रेक्टिफायरचं बूड निगेटिव्ह असलं तरी या नव्या ठोकळ्याचं बूड आतून वेगळं केलेलं असतं. नुसता बोल्टनं ब्लॉकवर बसवला तर सर्किट पुरं होत नाही, वजाची वायर वेगळी ओढावीच लागते. ब्लॉकवर मात्र तो बसवायचाच, मध्ये हीट सिंक पेस्ट लावून. ६ अँपिअरला दहा-बारा वॉट उष्णता त्यातून निघते आणि ती जायला धातू लागतो.

आणखी एक सापळा लहान मशीनमध्ये आहे. काहींवर फक्त दिव्यापुरती लायटिंग कॉइल असते, तिचं एक टोक आतच बॉडीला जोडलेलं असतं आणि बाहेर एकच वायर येते. अशा कॉइलला चार डायोडचा ब्रिज लावून वजा बॉडीला दिला, तर अर्ध्या वेळेला कॉइल एका डायोडमधून सरळ शॉर्ट होते. बॅटरी धड भरत नाही आणि कॉइल भाजून निघते. आधी कॉइलच्या वायरीपासून ब्लॉकपर्यंत ओहम मोजा. एक-दोन ओहम आले तर टोक बॉडीला आहे. मग एकाच डायोडवर अर्ध्या चार्जिंगमध्ये समाधान माना, किंवा ते टोक सोडवून वेगळी वायर बाहेर काढून घ्या.

एवढं झाल्यावर स्टेटर. रेक्टिफायरपासून सोडवलेल्या पिवळ्या वायरींवरच तो बाहेरून मोजता येतो. दोन पिवळ्यांत अगदी कमी ओहम यायला हवेत, पुष्कळदा एकाच्या आसपास. नेमका आकडा त्या मशीनच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या. मीटरच्या काड्या एकमेकींना लावून येणारा आकडा त्यातून वजा करायला विसरू नका, एवढ्या लहान मापात तोच गोंधळ घालतो. पिवळी ते ब्लॉक मात्र काहीच येता कामा नये (लायटिंग कॉइलचा अपवाद वर आलाच). मग लाल वायरीचं सुटं टोक झाकून बॅटरीची निगेटिव्ह पुन्हा जोडा, मशीन पाण्याच्या पिंपात चालू करा आणि त्याच पिवळ्या वायरींवर एसी व्होल्ट बघा. वेग वाढेल तसा आकडा सरळ चढत गेला तर कॉइल आणि चुंबक दोन्ही जिवंत आहेत. या उघड्या वायरींना हात लावू नका. लोड नसताना वेगात इथलं व्होल्टेज बॅटरीच्या कैक पट होतं.

इथे नापास झालं, तरच फ्लायव्हील काढायचं. मधला नट सोडला तरी चाक शाफ्टच्या निमुळत्या भागावर घट्ट बसलेलं असतं. हातोडी मारायची नाही: चुंबकं डिंकानं चिकटवलेली आहेत, तडकतात किंवा सुटतात, आणि सुटलेलं चुंबक फिरत्या चाकात स्टेटरचा चुरा करतं. कडेला पंजे अडकवायचा पुलरही नको. फ्लायव्हीलच्या मध्यभागी आट्यांची तीन भोकं असतात, त्यांत बोल्ट घालून ओढणारा पुलर हवा. नागदेवीच्या गल्ल्यांमध्ये असा पुलर मिळतो, नाही तर कुठलाही टर्नर पट्टीला भोकं पाडून देईल. अमेरिकन मशीनवर आटे इंची असतात, मेट्रिक बोल्ट जबरदस्तीनं पिळू नका.

आत स्टेटरवर तपकिरी, चिकट थेंब ओघळलेले दिसले तर तो तापून त्याचं भरण वितळलं आहे. नवा मिळाला नाही तरी खेळ संपत नाही. मोटर वायंडिंग करणारा चांगला कारागीर तो पुन्हा गुंडाळू शकतो, फक्त त्याला फेरे आणि तारेचा गेज मोजायला जुना स्टेटर न खोलता द्या. आणि शेजारशेजारच्या कॉइलमध्ये गुंडाळण्याची दिशा उलटसुलट असते, हे तोंडी बजावा, जमल्यास फोटोवर बाण काढून द्या. एक कॉइल उलटी गुंडाळली गेली की ती शेजारणीची वीज खोडून काढते. परत बसवताना शाफ्टचा निमुळता भाग थिनरनं पुसून कोरडा करा, ग्रीस नको, आणि नट टॉर्क रेंचनं मॅन्युअलच्या आकड्याला आवळा. ढिल्या चाकानं आतली ‘की’, म्हणजे चाक शाफ्टवर जागेवर धरणारी छोटी धातूची पाचर, कापली जाते आणि मग ठिणगीची वेळच चुकते.

रेग्युलेटरचं, म्हणजे व्होल्टेज मर्यादेत ठेवणाऱ्या भागाचं काय, असं कुणी विचारेल. साधारण १० अँपिअरपर्यंतच्या जुन्या मशीनवर तो नसतोच. जास्तीची वीज बॅटरीनंच पचवायची, आतल्या पाण्याचा गॅस करून. म्हणून अशा मशीनला साधी, टोपण उघडून डिस्टिल्ड वॉटर घालता येणारी बॅटरीच बरी. सीलबंद बॅटरी फुगते. हल्ली हलकी म्हणून लिथियम बॅटरी खपवली जाते, ती तर रेग्युलेटरशिवाय अजिबात नको: व्होल्टेज वाढलं की तिच्यातलं संरक्षक सर्किट बॅटरीला तोडतं, म्हणजे चालू मशीनवर क्लिप काढल्यासारखंच, आणि नवा ब्रिज फुटतो. रेग्युलेटर बसवायचाच असेल तर बाइकचं आरआर (रेग्युलेटर-रेक्टिफायर) युनिट चालू शकतं. तीन पिवळ्या वायरींच्या युनिटमधल्या दोनच जोडून तिसरी टोक झाकून ठेवतात. त्याला हवेशीर जागा द्या.

साठच्या दशकातल्या किंवा त्याआधीच्या मशीनवर पट्ट्यानं फिरणारा डायनामो दिसला, तर वरचं बरंचसं लागू नाही. तिथे कार्बन ब्रश, कॉम्युटेटर आणि कट-आउटचा डबा असतो. जुन्या ॲम्बॅसिडरचा डायनामो हाताळलेला ऑटो इलेक्ट्रिशियन गाठा. खोलून बसवल्यावर डायनामोला बॅटरीचा क्षणभर स्पर्श देऊन ध्रुव पक्के करावे लागतात, ते त्याला ठाऊक असतं.

काम झाल्यावर चाचणी पिंपात. मशीन कोरडं चालवू नका, पंपाचं रबरी इंपेलर लगेच जळतं. पिंपात फुल थ्रॉटलही द्यायचा नाही, २००० आरपीएमच्या आसपास पुरे. बंद असताना बॅटरीवर १२.४ होतं, ते १३च्या वर सरकत राहिलं तर काम झालं. खरी परीक्षा समुद्रात, पूर्ण वेगात: १३.५ ते १४.५. लांबच्या फेरीत बॅटरी भरल्यावर रेग्युलेटर नसलेल्या मशीनवर आकडा १५च्या वर चढायला लागला, तर भर दुपारीही सगळे दिवे लावून ठेवा आणि किनाऱ्याला आल्यावर बॅटरीचं पाणी बघा.